गोळी बंद करू का? (वंध्यत्वाची ट्रीटमेंट आणि डिप्रेशन)

गोदाकाठ_33: लग्नाला सहा वर्षं झाली, राहते नाशिकच्या इंदिरानगरला. दोन आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडतात ती ट्रीटमेंट) फेल गेल्या. आता पाळीच्या दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफीला कॉलेज रोडला जायचं, मग डॉक्टर म्हणतात, "आज-उद्या संबंध ठेवा." नवरा अंबडहून सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला येतो. मला फार दुखतं, दात आवळून पडून राहते. इच्छा तर कधीच गेली. जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला माझा नंबर आला, तर एक मावशी म्हणाल्या, "तू राहू दे गं." त्या दिवसापासून पहाटे तीनला जाग येते आणि रडू आवरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केलीय, आज बारावा दिवस. सासूबाई म्हणतात, डोक्याच्या गोळ्यांनी दिवस राहत नाहीत. बंद करू का?

सातपूरची_ताई: अगं, मनानं बंद करू नकोस. मी केली होती, चार दिवस चक्कर आणि नुसती चिडचिड. ही गोळी लागू पडायला दोन ते सहा आठवडे जातात, बारा दिवसांत काय कळणार? तिनं इच्छा कमी होऊ शकते हे खरं, पण ती उदासीनंही जाते. तुझी तर आधीच गेली होती. डॉक्टरांना स्पष्ट सांग, डोस किंवा औषध बदलता येतं. दिवस राहिल्यावरही कित्येकींना डॉक्टर हीच गोळी चालू ठेवायला सांगतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची फाईल मात्र दाखव. थायरॉईड तपासलंय ना? तो बिघडला की मन आणि पाळी दोन्ही बिघडतात.

आणि दुखणं सोसायचं नसतं गं! मला व्हजायनिस्मस निघाला, म्हणजे खालचे स्नायू आपोआप आवळतात. फिजिओथेरपी आणि डायलेटरनं (स्नायू हळूहळू सैल व्हायला वापरतात ती नळी) पाच महिन्यांत फरक पडला. आम्ही तीन महिने तारखाच पाहिल्या नाहीत. संध्याकाळी सोमेश्वरला जायचो, घरी नुसतं जवळ बसायचो, पुढे काही करायचं नाही असं ठरवूनच.

समुपदेशक_नाशिकरोड: ताईंशी सहमत. गोळीच्या जोडीला सीबीटीसारखं (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारं) समुपदेशन घ्या, काही बैठका दोघांनी मिळून. जीव नकोसा वाटला तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठ_33: गोळी घेतली आत्ता. हे सगळं नवऱ्याला वाचायला दिलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दुखतं हे तू मला कधी बोलली नाहीस." या महिन्याची सोनोग्राफी आम्ही रद्द केलीय.