मुलाच्या कलाने चालणारी बालवाडी: आमच्या मुलाला मानवेल का?

श्रावणसर:
लेक सव्वातीन वर्षांचा आहे, जूनपासून शाळेत घालायचाय. नाशिकला घराजवळ दोन पर्याय आहेत. एकीकडे मॉन्टेसरी पद्धत: तीन ते सहाची मुलं एकाच वर्गात, काय करायचं ते मुलंच निवडतात, गृहपाठ नाही. दुसरीकडे नर्सरीपासूनच वही आणि गिरवणं. मुलगा अबोल आहे. नव्या जागी बराच वेळ मला चिकटून राहतो, पण एकदा रमला की हाक मारली तरी ऐकू येत नाही. सासूबाई म्हणतात, "त्याला कुणी सांगितलं नाही तर तो कोपऱ्यात बसून राहील, आणि पहिलीत मागे पडेल." माझा ओढा पहिल्या शाळेकडे आहे, पण धीर होत नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

चाफेकळी:
मी अशाच बालवाडीत ताई आहे. उशिरा रमणारं पण रमलं की बुडून जाणारं मूल इथे बहुतेक वेळा खुलतं. सलग दोन-तीन तास मोकळे मिळतात, घंटा झाली म्हणून कुणी हातातलं काढून घेत नाही.

सासूबाईंची शंका मात्र रास्त आहे. काही मुलं सुरुवातीला नुसती बघतात आणि त्या बघण्यातून खूप शिकतात. पण ताईचं त्यांच्यावर लक्ष हवं. योग्य वेळी जवळ बोलावून, फार न बोलता, एखादं काम सावकाश करून दाखवायला हवं. मूल आठवडेच्या आठवडे तसंच बसून असेल आणि कुणी जवळ गेलं नसेल, तर ते सरळसरळ दुर्लक्ष आहे.

पाटीवर जाऊ नका. 'मॉन्टेसरी' हे नाव कुणीही लावू शकतं. एक सकाळ वर्गात बसू द्या म्हणून सांगा. साहित्य मुलांच्या हाताला येतंय की कपाटात बंद आहे? गुलाबी मनोरा हे त्यातलंच एक साहित्य: मोठ्यावर लहान असे रचायचे दहा ठोकळे, १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत. एखाद्याने तो चुकीचा रचला तर ताई लगेच हात घालते का? घालू नये. मनोरा बेढब दिसतो, मुलाला आपोआप कळतं. एकाच वस्तूसाठी दोघं भांडली तर ती काय करते, हे तर जरूर बघा. प्रत्येक साहित्य वर्गात साधारण एकच असतं, त्यामुळे थांबायला शिकवणं हे तिचं रोजचं काम आहे.

पहिलीचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच पहिलीचं वय सहा धरलंय. तोवर मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतात, हात तयार होतो, मग पेन्सिल.

आणि हे काही परदेशी खूळ नाही, हेही सासूबाईंना सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी याच धर्तीवर १९४५ पासून पालघर भागातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्याही आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरून. त्यामुळे फी जास्त म्हणजे शाळा चांगली, असंही समजू नका.

दोघांचाबाबा:
आमच्या थोरल्याला ही पद्धत फार मानवली, धाकटीला नाही. ती एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे पळायची आणि रोज कंटाळून घरी यायची. तिला सगळ्यांबरोबर गाणी, गोष्टी, घर-घर खेळणं लागतं. त्या वर्गात ते कमीच होतं. शेवटी गाणी-गोष्टींवर चालणाऱ्या, दिवसाचा क्रम ठरलेल्या बालवाडीत घातलं. वही तिथेही नाही. तेव्हा या दोनच शाळांत अडकू नका, असा तिसरा प्रकार जवळपास मिळतो का बघा.

श्रावणसर:
दोघांचेही मनापासून आभार. वर्गात बसायला विचारते, सासूबाईंनाही नेते. लेकाला बरोबर न्यावं का?

चाफेकळी:
पहिल्यांदा नको, तुमचं सगळं लक्ष त्याच्याकडेच राहील. दुसऱ्या वेळी न्या, आणि तो चिकटून बसला तर बसू द्या. ताई त्याला ओढून नेते की त्याच्या शेजारी येऊन बसते, तेवढं बघा.