स्विफ्टच्या मूळ 14 इंची रिमवर 185/70 टायर बसवावेत का? पावसात गाडी घसरते

भांडुपकर:
नमस्कार मंडळी. 2014 ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, पेट्रोल, लोखंडी रिम. कंपनीने दिलेला साइज 165/80 आर 14, म्हणजे 165 मिलिमीटर रुंद टायर, 14 इंची रिमसाठी.

गेल्या मंगळवारी मुलीला क्लासवरून आणत होतो. विक्रोळीला हायवेवर पाऊस चालू, पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला म्हणून मीही मारला. स्पीड 50 च्या आतच होता. गाडी थांबायचं सोडून सरळ पुढे सरकत राहिली आणि टेम्पोपासून वीतभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. मुलगी काही बोलली नाही, फक्त सीट घट्ट धरून बसली होती. त्या दिवसापासून ओल्या रस्त्यावर ब्रेकवर पाय ठेवताना पोटात गोळा येतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात दाखवली. तो म्हणाला, "165 म्हणजे सायकलचे टायर, घसरणारच. 185/70 घाला, नाहीतर सरळ 195/70 घाला. रिम तीच चालते, गाडीपण भरलेली दिसते." दिसण्याशी मला काही देणंघेणं नाही. बारा दिवसांनी गणपतीला देवरुखला जायचंय, आम्ही चौघं आणि आई, वर डिकीभर सामान. रुंद टायर घातले तर ब्रेक खरंच चांगला लागेल का? कुठे घासणार तर नाहीत? आणि बजेट बघता फक्त पुढचे दोन बदलले तर चालतील का?

डोंबिवलीचा_स्विफ्टवाला:
माझ्या गाडीला तीन वर्षं 185/70 आर 14 आहेत, याच लोखंडी रिमवर. कुठेही घासत नाहीत. पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड लागतं आणि ॲव्हरेज साधारण एका किलोमीटरने उतरलं. वळणावर गाडी जास्त धरून चालते असं मला तरी वाटतं. पण दोन घालू नका, घालायचे तर चारही घाला. स्टेपनी मी जुन्या 165 चीच ठेवली आहे, पंक्चरवाल्यापर्यंत जायला पुरते. 195 चा अनुभव नाही.

जुना_टायरवाला:
भांडुपकर, आधी लालबागला आणि मग मुलुंडला मिळून 26 वर्षं टायरच्या दुकानात काढली. आता मुलगा बघतो. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा रिम वाचा. व्हीलकॅप काढली की रिमवर ठोकलेला आकडा दिसेल, तुमच्या गाडीला बहुतेक 14 × 5 जे असेल. 14 हा रिमचा व्यास आणि 5 ही रुंदी, म्हणजे टायरच्या दोन कडा जिथे बसतात त्यांच्यातलं अंतर, दोन्ही इंचात. गिऱ्हाईक 14 ला 14 जुळवतं आणि खूश होतं, रुंदी कोणी विचारतच नाही. 165/80 ला 4 पासून साडेपाच इंचापर्यंतची रिम चालते आणि 185/70 ला साडेचार ते 6. म्हणजे तुमच्या 5 इंचावर 185/70 रीतसर बसतो. 195/70 चा टायर मात्र साधारण 6 इंची रिम धरून बनवलेला असतो. तो 5 इंचावर चढवला की कडा आत खेचल्या जातात, मध्ये पोट येतं आणि नक्षी मधोमध आधी झिजते. वळणावर रिम आधी जाते आणि टायर मागून येतो. मी असा टायर बसवून दिला नसता.

आता उंचीचा हिशेब. 165 मिलिमीटर रुंदीचे 80 टक्के 132 मिलिमीटर, ही एका बाजूची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत. वरची आणि खालची मिळून 264, त्यात 14 इंचांचे 355.6 मिळवले की पूर्ण उंची 619.6. तसाच हिशेब 185/70 चा केला तर 614.6 येतो. फरक 5 मिलिमीटरचा, एक टक्काही नाही. स्पीडोमीटरला तो जाणवणारसुद्धा नाही. कंपनीने याच गाडीच्या झेडएक्सआय मॉडेलला 185/65 आर 15 दिले, त्यांची उंची 621.5 येते. रिम मोठी केली, टायर रुंद केला, पण बाहेरचा घेर जिथल्या तिथे ठेवला. साइज बदलताना हेच सांभाळायचं असतं. शिवाय भार: 165/80 वर 85 हा आकडा असतो, म्हणजे एका टायरला 515 किलो. नव्या टायरवर त्यापेक्षा कमी आकडा चालणार नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघणाऱ्याने तर तो बघायलाच हवा.

पण तुमचं दुखणं वेगळंच आहे. रस्त्यावर पाणी असताना टायरला ते बाजूला सारून डांबरापर्यंत पोचावं लागतं. टायर रुंद म्हणजे बाजूला सारायचं पाणीही जास्त. अरुंद टायर पाणी कापत जातो, पण त्याच्या खोबणीत ते पाणी जायला जागा हवी आणि रबर मऊ हवं. 50 च्या आत गाडी अशी सरकत गेली याचा अर्थ मला तरी एकच लागतो, टायर झिजलेत आणि रबर म्हातारं झालंय. टायरवर डीओटी लिहिलंय तिथले शेवटचे 4 आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मग खोबणीत बोट घाला. तळाशी आडव्या पट्ट्या असतात, 1.6 मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्या पट्ट्यांना टेकली की कायद्यानेही टायर संपला. मुंबईच्या पावसात मी 3 मिलिमीटरलाच बदलायला सांगायचो, गिऱ्हाईक रागावलं तरी.

दोनच बदलायचे झाले तर नवे मागे घाला. लोकांना हे पटत नाही, पण पावसात मागचं चाक सुटलं की गाडी गरकन फिरते, ती साध्या माणसाला सावरत नाही.

घोडबंदरवाली:
काका, साइडवॉलच्या उंचीबद्दल मलाही सांगायचंय. आमच्याकडेही हीच गाडी. दोन वर्षांपूर्वी स्वस्त पडतात म्हणून एका दुकानदाराने 175/65 आर 14 बसवून दिले आणि आम्ही "14 चेच आहेत ना" म्हणून घेतले. गाडी जवळजवळ 18 मिलिमीटर खाली बसली. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला रोज पोट घासायचं. स्पीडोमीटर 100 दाखवायचा तेव्हा खरा वेग 94 च्या आसपास, त्यामुळे किलोमीटरही जास्त पडायचे आणि सर्व्हिस लवकर यायची. त्यांच्यावरचा भाराचा आकडा 82 होता, म्हणजे 475 किलो, हे तर मला आज तुमचं वाचून कळलं. पहिल्याच पावसाळ्यात घोडबंदर रोडला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं. दुसऱ्या दिवशी साइडवॉलला लिंबाएवढा फुगा आणि रिमची कड दबलेली. चारही काढून परत 165/80 घातले. भांडुपकर, आपल्या रस्त्यांवर टायरची उंची अजिबात घालवू नका.

भांडुपकर:
काका, काल रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली गेलो. रिमवर 14 × 5 जे आहे. पुढच्या दोन्ही टायरवर 0917, म्हणजे 2017 चा नववा आठवडा. मागच्यांवरही तेच. खोबणीत बोट घातलं तर पट्टी आणि नक्षी एकाच पातळीवर लागली, बोटाला फरकच कळेना. साइडवॉलवर, अक्षरांच्या भोवती, केसासारख्या बारीक भेगा आहेत. नख रुतत नाही. मी रोज गाडी पुसतो, टायरला पॉलिश लावतो, आणि हे कधी बघितलं नाही. मग स्टेपनी काढली. तिच्यावर 0414. गाडीबरोबर आलेली, जमिनीला न लागलेली, नक्षी नवीकोरी.

ती ठेवली तर चालेल का? आणि आता 165/80 घेऊ की 185/70?

जुना_टायरवाला:
स्टेपनी नको. नक्षी शाबूत असली तरी रबर पडून पडूनही म्हातारं होतं, आणि तुम्हाला ती लागणार ती नेमकी कशेडीच्या आसपास, भरल्या गाडीत, पावसात. पाच घ्या.

साइजचं म्हणाल तर दोन्ही चालतील. माझी गाडी असती तर मी 165/80 च घातले असते. कंपनीने गाडी त्यावर बेतली आहे, दारावरच्या स्टिकरवरची हवा तशीच लागू पडते, पाचवा टायर चारांसारखाच राहतो आणि पैसे वाचतात ते अलाइनमेंटला लावा. 185/70 च घ्यायचे ठरलं तर बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आतल्या प्लास्टिकला व शॉकॲब्सॉर्बरला ओल्या खडूने रेघा मारा. पाच माणसं बसवून दोन-तीन स्पीडब्रेकर काढा. रेघ पुसली गेली तर टायर घासतोय. विमा कंपनीलाही एकदा लिहून विचारा, साइज बदलल्याची नोंद लागते का ते.

दुकानात आयएसआय खूण आणि तारीख तुमच्यासमोर बघा. मागच्या वर्षीचा पडून राहिलेला माल देऊ लागले तर घेऊ नका.

भांडुपकर:
काका, आज दुपारी मुलुंडला पाच 165/80 आर 14 घेतले. पाचही यंदाच्या मे महिन्यातले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. येताना ऐरोली नाक्याजवळ पाऊस लागला. मागे कोणी नाही बघून मुद्दाम 40 ला ब्रेक मारला. गाडी थांबली. घरी येऊन मुलीला सांगितलं, ती म्हणाली उद्या मला क्लासला याच गाडीने सोड.

जुना_टायरवाला:
छान झालं. पण अजून मुद्दाम ब्रेक मारून बघू नका. नव्या टायरवर साच्यातला बुळबुळीत थर असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. देवरुखला निघायच्या आधी तेवढी गाडी इथेच फिरवून घ्या. 50-100 किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. आणि निघायच्या सकाळी टायर थंड असताना हवा भरा, भरल्या गाडीचा आकडा स्टिकरवर वेगळा दिलेला असेल तर तो धरा. स्टेपनीतही भरा, तिला सगळे विसरतात.