मदत हवी: २००१ ची सीबीझेड कॅफे रेसर करायची आहे, चेसिस कापावी का? (नागपूर)

किक_३१
नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा सीबीझेड, २००१ चं मॉडेल, एमएच-३१ पासिंग. सेल्फ नाही, पुढे डिस्क, मागे ड्रम, चाकं १८ इंची. इंजिन उघडलेलं नाही, धूर नाही. दीड वर्ष उभी असल्यानं टाकीत गंज आहे आणि गरम झाल्यावर आयडलिंग धरत नाही. आरसीची मुदत संपत आलीय.

कॅफे रेसर म्हणजे एकट्याची सीट, मागे छोटं कुबड, खाली झुकलेलं हँडल, गोल हेडलाइट एवढंच हवंय. वेल्डर म्हणतो, शॉकअपच्या मागचे रेल (सीटखालचे चेसिसचे पाइप) कापू आणि पाइपचा लूप मारू, अर्ध्या दिवसाचं काम. शिवाय एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढून उघडा पॉड फिल्टर लाव म्हणतो. चेसिस कापावी का? क्लिप-ऑन (पुढच्या शॉकपाइपवर थेट कसायचे हँडलचे दोन तुकडे) बसतील का? पॉडला मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा) किती नंबरचा? आणि सुरुवात कुठून करू?

वर्नियर
भाऊ, ग्राइंडर खाली ठेवायला सांगा त्याला. काहून एवढी घाई?

आधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टाकीचा रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

आरसीच्या नूतनीकरणाला आरटीओत गाडी प्रत्यक्ष उभी करावी लागते. नमुना २५, विमा, पीयूसी आणि १५ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर, एवढं लागतं. तपासणीत मागच्या माणसाची पकड, फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारा साडीगार्ड बघतात, नियम १२३. आरसीवर आसनक्षमता दोन आहे तोवर "मी एकटाच बसतो" हे उत्तर चालत नाही. म्हणून निघालेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पोत्यात ठेवा, कबाड्याला देऊ नका. बोल्टनं बसवलं म्हणून सगळं कायदेशीर झालं असंही समजू नका. पण तासाभरात गाडी मूळ रूपात येते, हा फरक छोटा नाही.

कापण्याचं यांत्रिक कारण वेगळंच. मागचे दोन रेल एकमेकांना आडव्या पट्टीनं बांधलेले असतात. ती पट्टी गेली की शॉकअपचा प्रत्येक दणका रेल बाहेर फाकवतो. वेल्डशेजारी लोखंड तापून कडक झालेलं असतं, तडा तिथंच जातो. पातळ पाइपला घरगुती आर्क वेल्डिंग मारलं तर आतून भोक पडतं आणि वरून ग्राइंडर फिरवून ते लपतं.

रेल आहेत तसे ठेवा. मूळ सीटचं पुढचं आकडं आणि मागचे दोन बोल्ट वापरून नवीन सीटबेस बसवा. रेलचं शेपूट कुबडाच्या आत लपतं.

लेथवाला_हिंगणा
हँडलबद्दल. क्लिप-ऑन विकत घेण्याआधी वरचा टी (शॉकपाइप धरणारी पट्टी) सैल करून शॉकपाइपचा व्यास वर्नियरनं मोजा. अर्धा मिलिमीटर मोठी क्लिप पत्र्याचं शिम घालून कसली तर ब्रेक दाबताना फिरते. हिंगणा एमआयडीसीत अॅल्युमिनियमची जोडी टर्न करून मिळते. कसणारा बोल्ट ८.८ ग्रेडचा मागा.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. अंगठा आणि टाकी यांच्यात १५ मिमी जागा राहिली पाहिजे, नाहीतर पार्किंगमध्ये अंगठा चेमटतो. मग इंजिन आयडलवर ठेवून परत वळवा. आरपीएम चढला तर अॅक्सिलरेटर केबल ताणतेय, रस्ता बदला. वळणावर आपोआप रेस होणारी गाडी पाडते. डिस्कच्या ऑइलची डबी आडवी सपाट राहायला हवी. ती तिरपी राहिली आणि ऑइल जरा उतरलं की ब्रेकमध्ये हवा शिरते.

आता खरी अडचण. क्लिप-ऑनबरोबर पाय मागे घ्यावे लागतात, आणि तुमची गाडी फक्त किकवर. रिअर-सेट (मागे सरकवलेलं फुटरेस्ट) लावलं तर किकचा दांडा फुटरेस्टवर आपटणार, गाडी चालूच होणार नाही. उजवीकडचं फुटरेस्ट दुमडणारं करता येतं, पण रोज सकाळी दुमडायचं, किक मारायची, उघडायचं. मागच्या ड्रमचा रॉडही आखूड होतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरची आर्म आणि रॉड यांच्यात जवळपास काटकोन हवा. तो ओलांडला की पेडल दाबत राहाल आणि पकड वाढणार नाही. गिअर लिव्हर उलटी लावली तर गिअरही उलटे पडतात, मधे लिंक रॉड घालून दिशा सरळ करावी लागते.

माझं मत: क्लिप-ऑन सोडा, मूळ क्लॅम्पमध्ये बसणारं सपाट ड्रॅग हँडल घ्या, फुटरेस्ट जागेवरच राहू द्या. शहरातल्या सिग्नलांना मनगट तुमचे आभार मानेल.

जेट_नंबर
पॉडचा नंबर कोणी सांगितला तर ऐकू नका. जेटचा नंबर गाडी सांगते, माणूस नाही.

एअरबॉक्स म्हणजे नुसता डबा नाही. कार्बोरेटरला थंड, शांत, मोजकी हवा देण्याचं काम तो करतो. पॉड इंजिनाच्या मागे उघडा बसतो आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांची हवा, त्यात सिलिंडरची धग, अशी ओढतो. हवेची अडवणूक कमी झाल्यानं मिश्रण दुबळं होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अॅक्सिलरेटर पिळला की गाडी खोकते, हेड तापतं. सीबीझेडच्या कार्बोरेटरला पिळताना जास्तीचं पेट्रोल फेकणारा छोटा पंप आहे, त्यामुळे सुरुवातीचा खोकला काही दिवस झाकला जातो आणि मालक समजतो सेटिंग जमलं. पावसात पॉड भिजतो ते वेगळंच.

तुमची आयडलिंगची तक्रार पॉडनं सुटणार नाही. टाकीचा गंज पायलट जेटमध्ये (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा बारीक जेट) अडकलाय असं धरून चला. कार्बोरेटर उघडून जेट क्लीनरनं आणि हवेच्या दाबानं साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबराला चिरा आहेत का पाहा: आयडलवर बाहेरून थोडं क्लीनर फवारा, आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. गरम इंजिनावर फक्त चिमूटभर, आणि सायलेन्सरपासून लांब. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर तपासा. गरम झाल्यावर आयडलिंग न धरण्यामागे आवळलेला व्हॉल्व्ह असतोच असतो, असं म्हणत नाही, पण फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालायला पाच मिनिटं लागतात.

टाकीसाठी लिटरमागे १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, कोमट पाणी, २४ तास. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच सुकवून आत थोडं ऑइल फिरवा. धुऊन तशीच ठेवलेली टाकी तासाभरात पिवळी पडते. जुन्या टाकीला वेल्डिंग करायची वेळ आलीच तर पेट्रोल टाकीचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते.

किक_३१
सगळ्यांचे आभार. एअरबॉक्स राहतोय, ड्रॅग हँडल घेतो. सीटबेस फायबरचा घरीच करावा म्हणतोय. आणि शॉर्ट सायलेन्सर?

रेझिन_आणि_रेग्झिन
फायबर घरी होतं, पण एक गोष्ट आधी वाचा. कोबाल्ट (रेझिन गोठायचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर कधीच एकमेकांत सरळ ओतू नका, स्फोट होतो. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण ढवळा, मग हार्डनर. बहुतेक दुकानांत कोबाल्ट मिसळलेलं रेझिनच मिळतं, तेच घ्या. हार्डनर साधारण १ ते २ टक्के. एप्रिल-मेच्या दुपारी १ टक्का घातला तरी मगमध्येच गोठतं आणि मग धुरायला लागतं. सकाळी सहा वाजता, एका वेळी २०० ग्रॅमच बनवा.

रेलवर अॅल्युमिनियम फॉइल आणि वर मास्किंग टेप, त्यावर ४५० ग्रॅमची काचधाग्यांची मॅट, तीन थर. बोल्टच्या जागी चौथा थर आणि मध्ये २ मिमी पत्र्याचा तुकडा. नुसत्या फायबरला भोक पाडून बोल्ट कसला की भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. फोम ४० मिमी, कापसासारखा मऊ नको, दाबून केलेला रिबॉन्ड घ्या.

आणि हे विसरू नका: बेस पक्का करण्याआधी दोन्ही शॉकअप काढा, चाक हातानं वर उचलून चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) जिथवर जाईल तिथवर न्या. टायर आणि बेसमध्ये २५ मिमी तरी उरलं पाहिजे. स्टँडवर छान दिसणारी सीट पहिल्या खड्ड्यात टायरवर टेकते, रेग्झिन फाटतं, बेसही.

वर्नियर
सायलेन्सर: मूळ बेंड पाइप ठेवा. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) नसलेला शॉर्ट पाइप ती कुठल्या कुठे ओलांडतो, आणि पोलीस चौकात तोच आधी ऐकतात. अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट वाजत असेल तर ती गंमत नाही, बेंड पाइप सिलिंडरला जोडतो तिथली गॅस्केट गळत असू शकते.

वायरिंगबद्दल कोणी बोललं नाही. होंडाचा रंगकोड लक्षात ठेवा: हिरवी म्हणजे अर्थ, लाल बॅटरीची, काळी चावीनंतरची, फिकट निळी उजवा इंडिकेटर, नारिंगी डावा. बॅटरी सीटखाली सरकवा, पण रेग्युलेटर कुबडात कोंडू नका. तो हवेत आणि चेसिसच्या लोखंडाला टेकून हवा, नाहीतर उन्हाळ्यात जळतो. एलईडी इंडिकेटर घातले की फ्लॅशर पटापट मारतो, एलईडीचाच रिले घ्या. हेडलाइट आयडलवर मंद होत असेल तर ती थेट मॅग्नेट कॉइलवर आहे. त्यावर डीसी एलईडी लावलात तर मिणमिणत राहील.

किक_३१
हेडलाइट मंद होते, म्हणजे कॉइलवरच आहे. मग जुना हॅलोजन बल्ब ठेवून फक्त गोल डोम बदलला तर चालेल ना?

वर्नियर
चालेल. डोमची काच रिफ्लेक्टरसकट घ्या आणि बल्बचा सॉकेट जुळतो का ते दुकानातच जुन्या बल्बनं लावून बघा. हेडलाइटचे कान (डोम धरणाऱ्या पट्ट्या) शॉकपाइपच्या त्याच व्यासाचे लागतील. तो आकडा तुम्ही अजून मोजलेला नाही.