मिडी नोट्स स्क्रिप्टने बदलायच्यात, परवडणारं काय आहे?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी, बडोद्यात असतो, दिवसा नोकरी आणि नवरात्रात एका गरब्याच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड. आमचा ढोली एकच, तो चहाला गेला की माझे मिडीतले (म्हणजे आवाज नाही, फक्त कुठली नोट कधी आणि किती जोरात एवढंच लिहिलेल्या फायली) ढोलाचे पॅटर्न वाजतात, असे साठत साठत आता ६४ फायली झाल्यात, हींच, केरवा, दादरा सगळे ताल. जुना कीबोर्ड गेला, आता लॅपटॉपवर ढोलाचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले खरे आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) घेतलाय आणि त्यात सगळे आवाज भलत्याच नोटांवर बसवलेत. जुन्यात ढोलाची जड बाजू ३६ नंबरच्या नोटेवर, काडी ३८ वर, टाळी ४८ वर होती. नव्यात जड बाजू ४८, काडी ५०, टाळी ५२.

हे ६४ फायलींत माऊसने करायचं म्हणजे दसरा उजाडेल. मला असं काहीतरी हवंय की मी लिहीन "३६ दिसला की ४८ कर" आणि ते सगळीकडे होईल. दुसरं म्हणजे सगळे पॅटर्न ग्रिडवर, म्हणजे अगदी घड्याळी मापावर, ठोकून बसवलेत त्यामुळे ऐकायला मेलेले वाटतात, ढोलीसारखा थोडा लोंबता ठोका स्क्रिप्टने आणता येतो का? विंडोज आहे, बजेट पाच-सहा हजार. एका दुकानात विचारलं तर त्याने सरळ सगळ्यात महागडं पॅकेज काढून समोर ठेवलं, म्हटलं बाबा घरी विचारून येतो.

कोडिंग कॉलेजात केलंय, आता विसरलोय पण घाबरत नाही.

रीपरवेडा

रीपर घे (संगीत रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर), विषय संपला. ६० दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद ठेवलेलं नसतं. वैयक्तिक वापराला किंवा वर्षाची कमाई २०,००० डॉलरच्या आत असेल तर लायसन्स ६० डॉलर, म्हणजे तुझ्या बजेटात कसंबसं बसतं (गरब्यातून २०,००० डॉलर मिळत असतील तर मलाही ग्रुपमध्ये घे). आत रीस्क्रिप्ट म्हणून स्क्रिप्ट लिहायची सोय आहे, लुआ भाषेत लिही, पायथनमध्ये लिही, किंवा त्यांच्या स्वतःच्या ईईएलमध्ये. मी लुआ वापरतो कारण वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही. कीबोर्डवर प्रश्नचिन्ह दाबलं की अ‍ॅक्शन लिस्ट उघडते, तिथून नवी स्क्रिप्ट, लिहिली की तिला शॉर्टकट दे आणि मग बटन दाबायचं काम.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, मी त्यात दोन रात्री पडलो होतो. तू लूप लावून एकेक नोट घेतोस आणि तिची जागा पुढेमागे करतोस. जागा बदलली की रीपर नोटा परत वेळेप्रमाणे लावतो, म्हणजे जी आत्ता ७ नंबरला होती ती ८ ला गेली आणि तुझा लूप तिलाच परत पकडून अजून ढकलतो. म्हणून नोट बदलणाऱ्या सेटनोट फंक्शनला शेवटचा नोसॉर्ट (आत्ता लावू नको) ट्रू द्यायचा आणि सगळं झाल्यावर एकदाच मिडी सॉर्ट. आणि नोटा उडवायच्या असतील तर लूप शेवटून सुरू कर, पुढून उडवलंस तर एक सोडून एक राहतात.

कोडकुटे

रीपर छानच आहे पण याच्या पहिल्या कामाला ते कशाला? ६४ फायली एकेक उघडून स्क्रिप्ट चालवणार का तो? पायथन टाक, मिडो नावाची लायब्ररी टाक, दोन्ही फुकट, फोल्डर दे आणि चहा घेऊन ये. तुला फक्त नोटांचे नंबर बदलायचेत, वेळेला हात लागत नाही, म्हणून वीस ओळींत होईल.

पण तीन गोष्टी सांभाळ. पहिली, एकापाठोपाठ एक बदल करू नकोस. तुझ्या यादीतच भानगड आहे बघ: आधी ३६ चे ४८ केलेस आणि मग ४८ चे ५२, की जड बाजूचे सगळे ठोके टाळीवर जाऊन बसतील. एक डिक्शनरी (जुना नंबर, नवा नंबर अशा जोड्यांची यादी) कर, प्रत्येक नोट तिच्यात एकदाच बघ, बदल, पुढे जा. दुसरी, नोट ऑन बदललास तसा नोट ऑफही बदल, नाहीतर नोट चालू एकीकडे आणि बंद भलतीकडे. तिसरी, मिडोत चॅनल ० पासून मोजतात, त्यामुळे ड्रमचा दहावा चॅनल तिथे ९ दिसतो.

आणि हो, नवी फाईल नव्या फोल्डरमध्ये सेव्ह कर, जुनीवर नाही. हे मी सांगतोय कारण मी एकदा जुनीवरच केलं होतं.

जुनाखोड

अरे पोरांनो, एवढं कोड कशाला. मिडीसीएसव्ही म्हणून कमांड लाईनवरचं फुकट अवजार आहे, मिडी फाईल देता आणि समोर साधा तक्ता येतो: ट्रॅक, वेळ, नोट ऑन का ऑफ, चॅनल, नोट, वेलॉसिटी (ठोक्याचा जोर). नोटपॅडात उघडा, कळतं काय चाललंय ते. मग सीएसव्हीमिडी चालवून परत मिडी करा. ६४ फायलींना नाही सोयीचं, कबूल, पण निदान दोन फायली तरी अशा उघडून बघ रे, आत काय भरलंय ते न बघता लोक स्क्रिप्ट लिहायला बसतात. आम्ही केकवॉक या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या कॅल भाषेतल्या स्क्रिप्टी लिहायचो, कंस मोजता मोजता जेवण थंड व्हायचं.

आणि नोटांची नावं लिहू नकोस, नंबरच लिही. यामाहाच्या हिशेबात ६० म्हणजे सी ३, रोलंडच्या हिशेबात तीच सी ४. सॅम्पलरच्या माहितीपत्रकात कुठला हिशेब आहे ते आधी वाजवून बघ.

दांडियाबाजारकर

सगळ्यांना धन्यवाद, काका तुम्हाला विशेष, कारण मी फाईल उघडून बघितली नसती तर मेलो असतो. झालं असं की काल रात्री मिडोने सगळं बदललं, नंबर बरोबर बसले, खूश झालो, आणि म्हटलं आवाज जरा हलका वाटतोय तर जाता जाता सगळ्या वेलॉसिटी १० ने वाढवू. वाजवलं तर टाळी थांबेचना, लांबच लांब चालू, वर दुहेरी वाजल्यासारखं. आई आतून विचारते "अरे ते काय बिघडलंय?" मग तक्त्यात बघितलं तर माझ्या जुन्या कीबोर्डने नोट ऑफ कधी लिहिलेलाच नाही, प्रत्येक ठिकाणी नोट ऑन आणि वेलॉसिटी ०. ते ० म्हणजेच बंद, आणि मी त्याचे १० करून ठेवले!

आता अट घातलीय, वेलॉसिटी ० पेक्षा जास्त असेल तरच वाढव, आणि १२७ च्या वर जाऊ देऊ नको. ६४ च्या ६४ झाल्या, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. खर्च शून्य.

आता दुसरं काम, तो लोंबता ठोका. ह्यूमनाइज म्हणून रँडम टाकून बघितलं, प्रत्येक नोट इकडेतिकडे दहा टिक (मिडीतलं वेळेचं सगळ्यात लहान माप). ढोली प्यायलेला वाटतो.

रीपरवेडा

वाटणारच! माणूस रँडम चुकत नाही रे, तो प्रत्येक आवर्तनात त्याच जागी तसाच मागे राहतो. ढोल्याला पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड कर, क्लिक (मेट्रोनोमची टकटक) कानात देऊन. ती फाईल रीपरमध्ये टाक, टॅब दाबलं की कर्सर पुढच्या थापेवर उडी मारतो, हींचच्या सहाही मात्रा ग्रिडपासून किती लांब आहेत ते लिहून घे, वीसेक आवर्तनं घे आणि सरासरी काढ. मग स्क्रिप्टमध्ये सहा आकडे, प्रत्येक मात्रेला एक. जोराचंही तसंच, सहा आकडे. त्याच्यावर रँडम टाकायचंच तर चिमूटभर.

आकडे मिलिसेकंदात लिहून ठेव, टिक्समध्ये नको. फाईलमध्ये बीटला ४८० टिक आणि टेम्पो मिनिटाला १२० बीट असेल तर एक बीट ५०० मिलिसेकंद, म्हणजे २० मिलिसेकंदाला साधारण १९ टिक. तुमचा गरबा रात्री चढत चढत १५० वर गेला की बीट ४०० ची होते आणि त्याच १९ टिक्सचे १६ मिलिसेकंदच उरतात, लोंबणं आवळून जातं.

कोडकुटे

हे मिडोत करायचं झालं तर लक्षात ठेव, तिथे प्रत्येक इव्हेंटची वेळ आधीच्या इव्हेंटपासून मोजलेली असते. एक नोट मागे ढकललीस की तिच्यामागची सगळी रांग सरकते. म्हणून आधी बेरीज करून खरी वेळ काढायची, मग ढकलायचं, वेळेप्रमाणे लावायचं आणि परत वजाबाकी. खरं सांगू, या कामाला रीपरच बरं, बदल केलास की लगेच ऐकता येतं. हे मी मान्य केलं म्हणून कुणी माजू नका.

जुनाखोड

ढोलीलाही लोंबणं वेगाबरोबर आवळावंच लागत असेल कदाचित. १२० ला एकदा आणि १५० ला एकदा, दोन्ही रेकॉर्ड करून बघ.

दांडियाबाजारकर

काका परत बरोबर. रविवारी ढोल्याला घरी बोलावला, सेव उसळीचं आमिष दाखवून. क्लिक कानात घालायलाच तयार नव्हता, म्हणे "मने मशीन शीखवाडशे?" शेवटी घातलं. मोजलं तर १२० ला त्याची तिसरी मात्रा सरासरी २२ मिलिसेकंद मागे आणि सहावी जवळजवळ ग्रिडवर पण सगळ्यात जोरात. १५० ला तिसरी फक्त १४ मागे. मिलिसेकंद धरून बसलो असतो तर चुकलो असतो, टिक्स धरून बसलो असतो तरी थोडा चुकलोच असतो. आता स्क्रिप्टमध्ये दोन ओळी आकड्यांच्या ठेवल्यात आणि मधल्या टेम्पोला मधला आकडा काढतो.

त्यालाच ऐकवलं, काही सांगितलं नाही. दोन आवर्तनं ऐकून म्हणाला "आ तो हुं छूं" (हा तर मीच). आता रीपरच्या चाचणीचे ५१ दिवस उरलेत, ६० डॉलर बाजूला काढतोय. केरवा आणि दादरा मोजायचेत अजून, पण त्याला परत बोलावायचं म्हणजे यावेळी सेव उसळीवर भागणार नाही असं दिसतंय.