मदत हवी आहे: भारत आणि चीनची कठीण लाकडाची आयात एका तक्त्यात कशी बसवू?

नमस्कार मंडळी,

आमची कुडाळला लाकडाची वखार आहे आणि मी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्पाचा विषय घरातूनच मिळाला. बाबा आणि त्यांच्या ओळखीचे व्यापारी ठामपणे सांगतात की बर्मा सागाचा भाव चीनमुळे चढला. ते खरं का, हे 1995 ते 2020 च्या आयातीवरून बघायचंय.

दोन्ही देशांची सुरुवात बरीच सारखी आहे. आपल्याकडे 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जंगलतोडीला चाप बसला. चीनने 1998 च्या यांगत्सेच्या पुरानंतर नैसर्गिक जंगलं तोडणं आवरायला घेतलं. दोघांनाही बाहेरचं लाकूड जास्त लागायला लागलं ते याच सुमारास.

कॉमट्रेडवरून (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकड्यांच्या साठ्यावरून) 4403 (गोल लाकूड) आणि 4407 (चिरलेलं) अशा दोन्ही सीमाशुल्क कोडांचे आकडे उतरवले. आता गाडी मापावर अडलीय. आमच्याकडे ओंडका घेरावर मोजतात: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका वखारीच्या हिशेबात 10 घनफूट भरतो, पण खरं घनफळ 12.73 येतं. म्यानमारचा सागही याच पद्धतीच्या हॉपस टनात विकला जायचा. एक टन म्हणजे 50 हॉपस फूट, साधारण 1.8 घनमीटर. मग निर्यातदाराचे आकडे आणि आपले आयातीचे आकडे शेजारी ठेवताना टन कुठला धरायचा? काही ओळी तर किलोत आहेत.

दुसरं, 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं. नुसतं 4403 पाहिलं तर आपली मागणीच आटली असं वाटेल. प्रत्यक्षात काही माल चिरून येऊ लागला, काही जागा घाना, इक्वेडोरच्या लागवडीच्या सागाने घेतली. त्यामुळे दोन्ही कोड एकत्र करणं मला आवश्यक वाटतं. चिरलेल्याला 1.8 ने गुणून गोल लाकडात आणायची पद्धत वाचलीय. पण लागवडीच्या सागाचा घेर बारीक, त्यात पांढरा भाग (सालीलगतचं कच्चं लाकूड) भरपूर. आमच्या मिस्त्रींच्या मते चिरल्यावर निम्मंही हाती लागत नाही. मग गुणक 2 च्या वर नको का? की सगळ्याला एकच ठेवावा?

आणि चीनचं लाकूड घरातच राहत नाही. बरंचसं फर्निचर, प्लायवूड होऊन परत बाहेर जातं. आपलं बहुतेक इथल्याच दारं-चौकटींत बसतं. शिवाय चीनच्या आकड्यांत रशियाचं ओक, बर्चही येतं. ते वगळून फक्त उष्ण कटिबंधाचं धरावं असं माझं मत आहे, कारण बाबांचा प्रश्न सागाचा आहे. गाईड मात्र सगळं घे म्हणतात.

कोणी आयटीटीओ (आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटना) किंवा एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आकड्यांच्या मालिका वापरल्यात का? 2014 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे कसे जोडलेत? आपलं आर्थिक वर्ष आणि चीनचं कॅलेंडर वर्ष जुळवायला महिन्यांचे आकडे लागतील का, तेही सांगा. एखादा नमुना तक्ता दाखवलात तर फार उपकार होतील.