रखडलेल्या बंद पाईपलाईनचा प्रश्न विधानसभेत लावायचाय: तारांकित, अतारांकित की लक्षवेधी?

येरळाकाठ:
मंडळी, नमस्कार. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची तीन गावं. उपसा योजनेचं पाणी मुख्य कालव्यात येतंय, पण कालव्यापासून शिवारात नेणाऱ्या बंद पाईपलाईनचं काम अर्ध्यावर थांबलंय. चर खणलेले, पाईप बांधावर पडलेले. निवेदनं देऊन झाली. आमदारांचे पीए म्हणाले, "प्रश्न लावू, मसुदा तुम्ही करून द्या." अधिवेशन डिसेंबरात, नागपूरला.

सभागृहात तोंडी उत्तर मिळतं तो तारांकित प्रश्न, फक्त लेखी उत्तर मिळतं तो अतारांकित, की तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, यातलं कोणतं आयुध वापरावं? सोबत कोणते कागद द्यावेत? आणि प्रत्यक्ष त्या दिवशी सभागृहात नक्की काय होतं? आमचा कच्चा मसुदा असा आहे, झोडपायचा तेवढा झोडपा:

"आमच्या गावांवर वर्षानुवर्षे अन्याय होत असून संबंधित अधिकारी झोपा काढत आहेत, हे खरे आहे काय? पाईपलाईनचे काम निकृष्ट असून ते बंद पडले आहे व शेकडो हेक्टर क्षेत्र पाण्यापासून वंचित आहे, हे खरे आहे काय? शेतकऱ्यांना पाणी कधी मिळणार?"

टिपणीबहाद्दर:
येरळाकाठ, हा मसुदा विधानमंडळ सचिवालयाच्या छाननीतच गळेल. "अन्याय", "झोपा काढत आहेत" हे आरोप झाले, आणि आरोप किंवा उपरोध असलेला प्रश्न स्वीकारत नाहीत. चुकून तो भाग कापून प्रश्न पुढे गेलाच, तर दुसऱ्या वाक्यावर मार खाल. त्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्यात: काम निकृष्ट, काम बंद, क्षेत्र वंचित. खालचा अभियंता "निकृष्ट" हा एकच शब्द पकडतो आणि उत्तर येतं: "(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही." काम बंद आहे हे त्याला नाकारताच आलं नसतं, पण नाकारायची वाट तुम्हीच करून दिलीत.

उत्तर कुठे तयार होतं ते आधी डोक्यात घ्या. प्रश्न स्वीकारला की तो मंत्रालयात विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे येतो. तिथून मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता असा उतरत शेवटी शाखा अभियंत्याच्या टेबलावर पडतो. ऑफिसात "एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय" अशी हाक उठते ती हीच. शाखा अभियंता लिहितो, ते तपासत तपासत वर जातं आणि मंत्र्यांच्या सहीने छापलं जातं. म्हणजे मंत्री सभागृहात वाचतात ती माहिती मुळात तुमच्याच तालुक्यातून गेलेली असते. सोबत एक पूरक टिपणी जाते. आमदार कोणता उपप्रश्न विचारतील, त्याला काय सांगायचं, हे तिच्यात असतं. त्यामुळे प्रश्न लिहिताना समोर मंत्री नाही, शाखा अभियंता बसलाय असं समजून लिहा. त्याला कोणत्या वाक्यातून निसटता येईल, तेवढंच बघा.

तारांकित असो वा अतारांकित, मसुदा साधारण असा बांधा:

"(१) सांगली जिल्ह्यातील (गावे, तालुका) येथे (योजनेचे पूर्ण नाव, वितरिका क्रमांक) अंतर्गत बंदिस्त नलिका वितरण प्रणालीचे काम बंद असल्याचे माहे ऑगस्ट मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) उक्त कामाच्या कार्यारंभ आदेशाचा दिनांक, निविदा किंमत, काम पूर्ण करण्याची मुदत, देण्यात आलेली मुदतवाढ व आजपर्यंत झालेला खर्च किती आहे;
(३) विहित मुदतीत काम पूर्ण न केल्याबाबत निविदेतील अटींनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) उर्वरित काम कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण करण्यात येणार आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

"मध्ये वा त्यादरम्यान" हे शब्द शोभेचे नाहीत. नुसतं "१२ ऑगस्ट रोजी काम बंद होते" लिहिलंत आणि नेमकं त्या दिवशी दोन मजूर हजेरीवर दाखवलेले असले, की "हे खरे नाही" लिहायला हात मोकळा. दुसरं, (२) च्या सुरुवातीला मी मुद्दाम "असल्यास" घातलेलं नाही. सवयीने प्रत्येक कलमाला "असल्यास" लावतात आणि मग (१) पडलं की सगळी माळ तुटते. आकडे मागणारं कलम आपल्या पायावर उभं असलं, की (१) नाकारलं तरी खर्चाचा आकडा द्यावाच लागतो. सचिवालय कधीकधी संपादन करून "असल्यास" घालतं, तेव्हा छापील यादी आली की तेवढं तपासा.

सोबतच्या टिपणाला एक पान पुरे. त्याला कार्यारंभ आदेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशाची) प्रत, ग्रामसभेचा ठराव, तारखेसह फोटो आणि आधीच्या निवेदनांच्या पोचा जोडा. कार्यारंभ आदेश हाती नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि माहिती द्यायला ३० दिवसांची मुदत असते. प्रश्न स्वीकारायच्या तारखा अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून डिसेंबरचं काम डिसेंबरात करून चालत नाही. तारखांचं पत्रक आमदारांकडे येतं, पीएंकडून त्याचा फोटो मागून घ्या.

घाटमाथा:
टिपणीबहाद्दरांनी मसुदा उत्तम बसवलाय, पण तारांकितवर सगळी भिस्त नको. प्रश्नोत्तराचा तास एक तासाचाच. छापील यादी लांबलचक, प्रत्यक्ष चर्चेला येतात मोजके. तुमचा प्रश्न यादीत विसावा लागला तर तोंडी काहीच होत नाही, छापील उत्तर तेवढं पटलावर येतं. त्यात सकाळीच गोंधळ होऊन सभागृह तहकूब झालं, तर तास गेलाच. तो नंतर भरून मिळत नाही.

माझं मत लक्षवेधीकडे. विधानसभेत नियम १०५, विधान परिषदेत नियम १०१. अधिवेशन चालू असतानाही देता येते, विषय ताजा आणि निकडीचा हवा. स्वीकारली गेली की विभागाचं लेखी निवेदन सदस्यांना मिळतं, आमदार त्यावर प्रश्न विचारतात आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. दिवसभरात दोन-तीन लक्षवेधी हा जुना रिवाज, हल्ली ढिगाने लावतात आणि त्यासाठी सकाळी लवकर वेगळी बैठकही घेतात. त्यामुळे लागण्याची शक्यता वाढलीय. वजन तेवढंच कमी झालंय, हेही खरं.

लक्षवेधीत नुसतं "काम बंद आहे" लिहिलं तर टिकत नाही, त्यात निकड काय? रब्बीचं आवर्तन (कालव्यात पाणी सोडायची पाळी) अमुक महिन्यात सुरू होतंय, तोवर पाईप जोडले नाहीत तर पाणी दारावरून पुढे जाईल, असं मांडा. आणि शेवटची ठरलेली वाक्यरचना सोडू नका: "जनतेत पसरलेले असंतोषाचे वातावरण, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया". वाचायला कृत्रिम वाटतं, पण छाननी करणाऱ्याची नजर तेच शोधत असते.

टिपणीबहाद्दर:
घाटमाथा, लक्षवेधीला माझा विरोध नाही. पण हातात आकडे नसताना लक्षवेधी लावली, तर मंत्री "कामास गती देण्याच्या सूचना देण्यात येतील" म्हणतात आणि खाली बसतात. दुसऱ्या दिवशी पेपरात आमदारांचा फोटो येतो, पाईप बांधावरच. माझा क्रम असा: आधी अतारांकित. त्याला कुणी विचारत नाही, कारण त्यात भाषण नाही. पण लेखी उत्तरात निविदा किंमत, खर्च, मुदतवाढ सगळं सहीनिशी मिळतं. तो कागद हातात धरून पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी लावली, की मंत्र्यांना स्वतःच्याच उत्तरावर बोलावं लागतं. अडचण एकच, लेखी उत्तरं रेंगाळतात. स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये लेखी प्रश्नाला साधारण १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे आणि दर गुरुवारी दुपारी १२ वाजता तिथले फर्स्ट मिनिस्टर स्वतः प्रश्नांना सामोरे जातात. आपल्याकडे असा आठवड्याचा ठरलेला मुख्यमंत्र्यांचा तास नाही, तेव्हा "थेट मुख्यमंत्र्यांनाच विचारू" हा विचार सोडा. ज्यांचं खातं, त्यांनाच प्रश्न.

तारांकितचं उत्तर अर्धवट आलं तर नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा मागता येते. ती दिवसाच्या शेवटी, बाकं रिकामी होत आल्यावर होते. पण ऐकायला मंत्री असतात आणि विषय एकच असतो, म्हणून उत्तर सविस्तर मिळतं.

कृष्णाबाई:
दोन गोष्टी राहिल्या.

एक, खातं नीट बघा. मोठी उपसा योजना असेल तर जलसंपदा. ६०० हेक्टरपर्यंतची लघुसिंचन योजना मृद व जलसंधारण खात्याकडे, आणि त्यातलीही १०० हेक्टरपर्यंतची जिल्हा परिषदेकडे. पिण्याच्या पाण्याचं खातं वेगळंच. चुकीच्या खात्याला प्रश्न गेला तर तो हस्तांतरित होत फिरतो आणि अधिवेशन संपतं. हिवाळी अधिवेशन हल्ली आठवडा-दोन आठवड्यांत उरकतं, तिथे एक फेरा म्हणजे सगळं गेलं. पाईपलाईन रस्ता ओलांडते म्हणून काम अडलं असेल तर रस्ता कुणाचा तेही पाहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर परवानगीचा विषय केंद्राकडचा, तो भाग खासदारांमार्फत लोकसभेत न्यावा लागेल.

दोन, तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. अध्यक्षांचंही तेच. अशा वेळी परिषदेची वाट धरा. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन्ही मतदारसंघांत पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाचही जिल्हे येतात. ते सदस्य तुमचेही प्रतिनिधी आहेत, लोक त्यांना फक्त निवडणुकीत ओळखतात. शेजारच्या मतदारसंघाच्या आमदारांचं नाव जोडून घेतलं तर आणखी बरं. एका प्रश्नावर अनेकांची नावं चालतात, आणि पहिले सदस्य त्या वेळी बाहेर असले तर दुसऱ्याला विचारता येतं.

घाटमाथा:
त्या दिवसाचं विचारलं होतं, ते सांगतो. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. अध्यक्ष प्रश्न पुकारतात, उत्तर आधीच छापून वाटलेलं असतं, त्यामुळे थेट उपप्रश्न सुरू होतात. इथे आमदार तीन मिनिटं प्रस्तावना करतात आणि शेवटी एकदम चार प्रश्न विचारतात. मंत्री त्यातला सोपा उचलतात. म्हणून आमदारांच्या हातात जाड अक्षरातला एकच कागद द्या, त्यावर दोन उपप्रश्न. पहिला: "उर्वरित काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल?" दुसरा: "अधिवेशन संपण्यापूर्वी दालनात बैठक लावून संबंधित अभियंत्यांना बोलावणार का?" बस्स. उत्तर अगदीच गुळमुळीत निघालं तर प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करता येते, अध्यक्षांनी मानली तर तो पुन्हा येतो.

तासानंतर कागदपत्रं पटलावर, स्थगन प्रस्तावावरून (ठरलेलं कामकाज थांबवून तातडीची चर्चा मागणारा) खडाजंगी, औचित्याचे मुद्दे, मग लक्षवेधी, विधेयकं, आणि विरोधकांचा नियम २९३ चा चर्चेचा प्रस्ताव असेल तर संध्याकाळ त्यातच. पुरवणी मागण्यांवर (शासनाच्या जादा खर्चाच्या मंजुरीवर) चर्चा असली तर आमदारांना तिथेही तुमचा विषय दोन मिनिटं घेता येतो. शुक्रवारी शेवटचा वेळ अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी आणलेल्या, कामकाजाला.

एक सापळा सांगून ठेवतो. उत्तरात पाणीपट्टीच्या थकबाकीचं तुणतुणं हमखास वाजतं. उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा शासनाचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांचा, हा हिशोब चालू खर्चाचा. पाईपलाईनचं काम हा भांडवली खर्च. या दोन्हींची गल्लत सभागृहात झाली की तुमचा विषय वसुलीकडे वळतो. आमदारांना हा फरक आदल्या रात्री फोनवर नक्की सांगा.

येरळाकाठ:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आता तारांकित आणि अतारांकित दोन्ही देतोय, मसुदा टिपणीबहाद्दरांचा. कार्यारंभ आदेशासाठी अर्ज टाकला. दोन शंका. नागपूरला कुणी जावं का? आणि मंत्री "करू" म्हणाले, तर पुढे ते कुठे नोंद होतं?

कृष्णाबाई:
महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीवरून नागपूरला जाते, पण प्रेक्षक दीर्घेत बसून हाती काही लागत नाही. प्रवेशिका आमदारांमार्फत काढावी लागते. कामकाजाचं थेट प्रक्षेपण असतंच, घरी बसून बघा आणि उत्तराचा भाग रेकॉर्ड करून ठेवा. दालनातली बैठक लागली तर मात्र दोघं जा, नकाशा आणि कार्यारंभ आदेश घेऊन. तिथे अभियंते समोर असतात.

टिपणीबहाद्दर:
मंत्र्यांनी सभागृहात "चौकशी करू", "काम पूर्ण करू", "तपासून निर्णय घेऊ" असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समितीच्या यादीत जातं. पूर्ततेला साधारण तीन महिने. "सहानुभूतीने विचार करू" हे निसटतं वाक्य, म्हणून उपप्रश्नात तारीखच मागायची. कामकाजाचा वृत्तांत आला की त्यातला तो परिच्छेद तारखेसह काढा आणि आमदारांच्या पत्रासोबत विभागाला पाठवा. पत्रात "दिनांक अमुक रोजी सभागृहात दिलेल्या आश्वासनाच्या अनुषंगाने" एवढं लिहिलं, की ते साध्या निवेदनांच्या गठ्ठ्यात पडत नाही.

आणि अतारांकितमध्ये योजनेचं नाव बोलीतलं लिहू नका. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशावर जे नाव आहे, तेच अक्षरशः उतरवा. बोलीतल्या नावाने "अशी योजना या विभागाकडे नाही" असंही उत्तर येऊ शकतं.