पाणथळीवरचा निरीक्षण मनोरा : बांबूचा असावा का, आणि किती उंच?

वास्तुविद्यार्थिनी :
नमस्कार. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातील (ता. निफाड, जि. नाशिक) पक्षीनिरीक्षण मनोऱ्याचा विषय घेतला आहे. गोदावरी आणि कडवा यांच्या संगमाजवळील इंग्रजकालीन बंधाऱ्यामागे गाळ साचत जाऊन हे पाणथळ तयार झाले, आणि 2020 मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. माझ्या आराखड्यात 12 मीटर उंचीचा, संपूर्ण बांबूचा मनोरा आहे. पर्यावरणावर भार नको म्हणून सिमेंट आणि लोखंड पूर्णपणे टाळले आहे. काळ्या मातीत पाया कसा घ्यावा, बांबू किती टिकेल आणि मुळात 12 मीटर कशासाठी, असे तीन प्रश्न मार्गदर्शकांनी विचारले आहेत. तिसऱ्या प्रश्नावर, उंचावरून जास्त दिसते, यापलीकडे मला काही सांगता आले नाही.

गोदाकाठचा अभियंता :
तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी, कारण बाकीची दोन उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

मनोऱ्यापासून पाणकणसाच्या (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या) पट्ट्याची पाण्याकडील कड 60 मीटरवर आहे आणि पाणकणीस पाण्याच्या पातळीपासून अडीच मीटर उंच आहे, असे धरा. पाहणाऱ्याचे डोळे पाण्यापासून 5 मीटर उंचीवर असतील, तर 120 मीटरच्या अलीकडचे पाणी त्याला दिसणार नाही. डोळे साडेसात मीटरवर नेले की हे अंतर 90 मीटरवर येते, 10 मीटरवर नेले की 80 आणि साडेबारा मीटरवर नेले की 75. म्हणजे पहिल्या अडीच मीटरने 30 मीटर पाणी मिळवून दिले आणि शेवटच्या अडीच मीटरने जेमतेम 5. उलट वाऱ्यामुळे पायथ्याशी येणारा उलथवणारा जोर, बाकी सारे तेच ठेवून उंची दुप्पट केली, तर साधारण चौपट होतो. जागेवर पाणकणसाची उंची आणि अंतरे मोजून हाच हिशेब आराखड्यात मांडा. पाण्यापासून 6 मीटरवरचा मजला बहुधा पुरेल.

बांबूबद्दल स्पष्ट लिहितो. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या प्रक्रियेने भिरूड (लाकूड पोखरणारी कीड) आणि वाळवी रोखता येते, परंतु ही रसायने पाण्यात विरघळतात, त्यामुळे पावसात उघड्यावर राहणाऱ्या बांबूतून ती हळूहळू धुऊन जातात. म्हणून बांबू छताखाली वापरावा : आडोशाच्या तट्ट्या, छताचा सांगाडा, कठड्याची आतली बाजू. जमिनीला टेकणारे खांब जस्तलेपित पोलादाचे असू द्यात. पाच-सात वर्षांत मोडीत निघणारा बांबूचा खांब आणि अनेक दशके टिकून शेवटी भंगारात विकला जाणारा पोलादी खांब, यांपैकी पर्यावरणाला कोणता स्वस्त पडतो, हा हिशेब प्रकल्पात अवश्य करून पाहा. सारे जोड नट-बोल्टचे ठेवा आणि भोके जस्तलेपनाआधीच पाडून घ्या. जागेवर वेल्डिंग केले की तेवढ्या भागातील जस्त जळते आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे उथळ पाया वर-खाली होतो. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर बुंधा असलेले अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोलवर घेतलेले काँक्रीटचे खांब) आपल्याकडे सर्रास वापरले जातात. ते साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ओलावा फारसा न बदलणाऱ्या थरापर्यंत जातात. सिमेंट अगदीच नको असेल तर जमिनीत पिळून बसवायच्या पोलादी स्क्रू पाइलचा विचार करा. ते पुढे काढूनही घेता येतात, फक्त उपटले जाण्याविरुद्धची ताकद चाचणीने तपासून घ्यावी लागते. पुराच्या पातळीखाली तिरक्या कैच्या (खांबांना जोडणारे आधाराचे दांडे) ठेवू नका. गोदावरीच्या पुरात वाहून येणारी झाडे-झुडपे त्यांत अडकतात आणि मनोऱ्यावर पाण्याचा जोर वाढतो.

मजल्यावरील भार प्रति चौरस मीटर 500 किलो धरावा, गर्दीच्या जागेसाठी तोच योग्य. 16 चौरस मीटरच्या मजल्यावर तो 8 टन होतो, हे पाहिले की बांबूच्या खांबांचा मोह आपोआप कमी होतो.

थापट्या :
अभियंत्यांनी माणसाला काय दिसेल ते सांगितले. मी पक्ष्यांना काय दिसते ते सांगतो. मोकळ्या जिन्यावरून चढणारी माणसे आकाशाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसतात आणि चक्रवाक किंवा तलवार बदकांचा थवा आपण वर पोहोचण्याआधीच उठून पलीकडे जातो. तेव्हा जिना पाण्याच्या विरुद्ध बाजूला घ्यावा, त्याला तट्ट्याचा आडोसा द्यावा आणि मनोरा बाभळीच्या रांगेपुढे नव्हे तर तिच्या अंगाने, झाडांच्या शेंड्यांपेक्षा खाली ठेवावा. कठडा छातीपर्यंत भरीव असावा आणि त्यात बसून पाहण्यासाठी आडव्या फटी ठेवाव्यात, मुलांच्या उंचीची एक धरून. पत्रा चकाकणारा नको आणि दिवे तर नकोतच.

दिशेचाही विचार करा. हिवाळ्यात लोक सकाळी येतात, म्हणून मनोरा पाण्याच्या पूर्वेला असेल तर सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेला बांधलेल्या मनोऱ्यावरून सकाळी सगळी बदके काळीच दिसतात, आणि मग बिचारे नवखे लोक मार्गदर्शकालाच दोष देतात.

वास्तुविद्यार्थिनी :
दोघांचेही मनापासून आभार. दृष्टिरेषेचा हिशेब आजच जागेच्या नकाशावर मांडते. आणखी दोन शंका आहेत : पाण्यापासून किती अंतर राखावे आणि जिना चढू न शकणाऱ्यांसाठी उतरण द्यावी का?

कडवाकाठ :
पाणथळ संवर्धनाच्या 2017 च्या नियमांनुसार नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. अभयारण्याच्या हद्दीत ते नियम लागू होत नाहीत, तेथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा चालतो आणि मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तरीही 50 मीटर हे अंतर मापदंड म्हणून पाळावे, असे माझे मत आहे. काम एप्रिल-मे मध्येच उरकेल असे नियोजन दाखवा, कारण ऑक्टोबर ते मार्च स्थलांतरित पक्षी असतात आणि पावसाळ्यात स्थानिक पक्ष्यांची वीण असते. सुटे भाग कारखान्यात तयार करून आणले तर हे शक्य आहे.

उतरणीचा नाद सोडा. 1:12 च्या उताराने 6 मीटर चढायला 72 मीटर लांबीची उतरण लागेल, म्हणजे मनोऱ्यापेक्षा उतरणच मोठी होईल. त्याऐवजी पाणकणीस विरळ आहे अशा जागी, चाकाची खुर्ची जाईल अशा सपाट वाटेवर, जमिनीलगत एक लपण (आडून पक्षी पाहण्याची खोली) बांधा. पाणकोंबड्या आणि हळदी-कुंकू बदके तेथून मनोऱ्यापेक्षाही जवळून दिसतील.